पावसाळ्यातलं बाळंतपण, पाच हजार रुपये आणि साठ वस्तूंची यादी

तुमच्या प्रश्नातल्या काही गोष्टी आधी बाजूला काढून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर ठरतं. सासर बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, माहेर महाराष्ट्रात चंदगडकडं, आणि पहिलटकरीण म्हणून बाळंतपण माहेरी. तारीख जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली, आत्ता कुठं सातवा लागलाय. नवरा उद्यमबागेत कामाला, आई-बाळ दोघांच्या कपड्यांना मिळून हातात पाच हजार. सासूबाईंचं म्हणणं, बाळ यायच्या आधी त्याचं काही घरात आणायचं नाही. आणि मैत्रिणीनं मोबाइलवर पाठवलेली यादी साठ वस्तूंची. ह्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी बेळगावच्या शहापूरला शिवणकाम करते. बाळंतविडे, झबली, गरोदरपणातले ब्लाऊज आणि गाऊन हाच मुख्य धंदा. त्यामुळं सांगते ते कपड्याच्या बाजूनं. डॉक्टरचं डॉक्टरला विचारा.

ती यादी मी वाचली. कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या, घरात कपडे वाळवायचं मशीन असलेल्या बाईनं केलेली दिसते. तिच्यात सगळं वयावर आहे: शून्य ते तीन महिने इतकं, तीन ते सहा महिने तितकं. खानापूर-चंदगडच्या पावसात हिशेब वयावर होत नाही, वाळत घालायच्या दोरीवर होतो. नवजात बाळ दिवसाला दहा-बारा लंगोट सहज ओले करतं, काही बाळं पंधरासुद्धा. एप्रिल-मेच्या उन्हात पातळ लंगोट तासा-दोन तासांत खडखडीत वाळतो, म्हणून उन्हाळ्यातल्या बाळंतिणीला मी दीड डझनावर लंगोट सांगत नाही. जुलैत तुमच्याकडं दोन दिवस धरावे लागतात. म्हणजे आजचे बारा वापरात, कालचे बारा दोरीवर, परवाचे बारा अजून दमट. झाले तीन डझन. आकडा मोठा वाटेल, पण ह्या तीन डझनांना पैसे जवळजवळ पडत नाहीत, घरात एखादं जुनं सुती लुगडं असलं तर.

नऊ वार म्हणजे ३२४ इंच लांबी. पन्हा साधारण ४५ ते ४८ इंच. २२ ते २४ इंचाचे चौकोन कापले तर रुंदीत दोन आणि लांबीत तेरा-चौदा बसतात. पदर, काठ आणि बसून-बसून विरलेला भाग सोडून दिला तरी वीसेक लंगोट पदरात पडतात. आजेसासूकडं, आईकडं, शेजारच्या एखाद्या आजीकडं लुगडं किंवा धोतर आहे का विचारा. पुष्कळ वेळा धुतलेलं सूत बाळाच्या कातडीला जितकं मानवतं तितकं दुकानातलं कुठलंच नवं कापड मानवत नाही. फक्त एक बघा: कापड उजेडासमोर धरून दोन्ही हातांनी हलकं ताणायचं. चर्र आवाज आला तर ते लंगोटाच्या कामाचं नाही. पहिल्या दोन दिवसांची काळी शी पुसायला ठेवा, ते डाग तसेही निघत नाहीत.

उरलेल्या सोळासाठी मलमल घ्या. आणि लुगडं मिळालंच नाही तर ४४ इंची पन्ह्याचं दहा मीटर घ्यायचं. घरी आणून आधी गरम पाण्यात भिजवून, धुऊन आटवायचं, मग कापायचं. आटल्यावरही २१-२२ इंचाचे ३४ चौकोन निघतात. कडांना एक टीप मारायची, बस्स. बेळगावात मीटरला साधारण सत्तर-ऐंशी रुपयांत चालण्याजोगी मलमल मिळते. कटपीसवाल्याकडं त्याहून खाली.

आता दुकानदार तुम्हाला मऊ, फुगीर, आत स्पंज भरलेले तयार लंगोट दाखवील. दिसायला गोड असतात. पण आत थर भरलेला लंगोट जुलैत तीन दिवस वाळत नाही, आणि वरून कोरडा लागला तरी आतून कुबट राहतो. तेच बटणाच्या, आत पॅड घालायच्या महाग कापडी डायपरचं. उन्हाळ्यातलं बाळ असतं तर दोन-तीन घ्या म्हटलं असतं. तुम्ही पातळ कापड घ्या आणि गरज पडेल तशी दुहेरी घडी करा. पातळ कापडाचे दोन पदर सुटे करून वाळवता येतात. शिवून एक केलेले येत नाहीत.

विकतच्या डायपरला मी नावं ठेवत नाही. पण हिशेब करून बघा: एक डायपर आठ-दहा रुपयांचा, दिवसाला आठ लागले तर सत्तर-ऐंशी रुपये, महिन्याला दोन हजारांच्या वर. तुमचं निम्मं बजेट एका महिन्यात कचऱ्यात. त्यापेक्षा एकच लहान पुडकं आणा. रात्री एक, दवाखान्यात लस द्यायला जाताना एक. पुडकं घेताना छापील किंमत नीट बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बाळाच्या डायपरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, जुना माल जुन्याच दरानं गळ्यात मारून घेऊ नका.

पावसात वाळवण्याबद्दल थोडं. तुमच्याकडं न्हाणीघरात बंब असेल तर त्याच्या वरची दोरी ही घरातली सर्वांत चांगली जागा. नसेल तर रात्री पंख्याखाली, आणि नव्वद टक्के वाळलेल्या लंगोटावरून सकाळी इस्त्री. इस्त्रीनं उरलेला दमटपणाही जातो आणि कुबट वासही. बुट्टी पालथी घालून खाली निखारे ठेवायचे आणि वर लंगोट पसरायचे ही आपल्याकडची जुनी पद्धत. बाळ-बाळंतिणीच्या बंद खोलीत ती करू नका. कोळशाचा वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि धुरानं बाळाची छाती भरते ती वेगळीच. पडवीत करा, लक्ष ठेवून.

झबल्यांना तयार मापाच्या भानगडीत पडू नका. जन्मताना बाळाची छाती साधारण १३ इंच असते, लांबी २० इंचांच्या आसपास, आणि पाचव्या महिन्यापर्यंत वजन दुपटीवर जातं. झिरो नंबरचं तयार झबलं महिना-दीड महिन्यात काखेत काचायला लागतं. मी अंगरख्यासारखं शिवते: पुढची एक बाजू दुसरीवर चांगली चार बोटं येते आणि बंद बगलेत बांधायचा. पहिल्या महिन्यात बंद घट्ट ओढायचा, चौथ्यात सैल सोडायचा. एकच झबलं चार-पाच महिने चालतं. शिवण बाहेरच्या अंगाला ठेवायची, आतून कातडीला टोचत नाही. पाहुण्यांना उलटं घातल्यासारखं वाटतं, वाटू दे. गळ्याशी बंद नको. टिचबटण, मणी, टिकल्या, लेस काही नको. एका मीटरात तीन आरामात निघतात, दोन मीटरात सहा झाली. सहा पुरतात, कारण झबलं लंगोटाइतकं ओलं होत नाही आणि तुम्हाला आहेरात आणखी डझनभर येणारच आहेत.

झबल्यांना कापड विकत न घेताही भागेल. डोहाळजेवणात आणि ओटीत ब्लाऊजपीस किती जमतात बघा. निम्मे कुणी शिवत नाही, पुढच्या ओटीत सरकवतात. त्यातले सुती वेगळे काढा. ओळखायचं असं: कडेचा एक दोरा ओढून मोरीवर चिमट्यात धरून पेटवा. कागद जळल्याचा वास आला आणि राख बोटांत भुगा झाली तर सूत. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर, तो बाळाच्या अंगाला लावू नका. रंग जातो का तेही पांढऱ्या ओल्या फडक्यानं घासून बघा. लाल आणि जांभळे पीस बहुतेक ह्याच परीक्षेत नापास होतात.

बारशाला गुळेदगुड्डच्या खणाची कुंची शिवून द्या म्हणणाऱ्या हल्ली फार येतात. शिवा, छान दिसते, आणि एका खणात होते. पण खणाच्या उलट्या बाजूला विणीचे सुटे धागे असतात, त्यात बाळाचं बोट अडकतं. आतून मलमलचं अस्तर लावल्याशिवाय मी देत नाही. आणि कुंची मिरवण्यापुरती. झोपवताना हनुवटीखाली बांधलेलं काही ठेवायचं नाही.

मागून आणलेल्या कपड्यांचं आता सांगते, कारण खरी बचत तिथं आहे आणि मोठा धोकाही तिथंच आहे. आपल्यात धडधाकट पोर असलेल्या घरचं वापरलेलं झबलं पहिलं अंगाला लावायची रीत आहे, त्यामुळं मागायला लाजायचं कारण नाही. जावेकडं, नणंदेकडं, गल्लीत वर्षभरात बाळंत झालेल्या कुणाकडंही टोपडी, दुपटी, स्वेटर पडून असतात; बाळं कपडे फाटायच्या आधीच त्यातून बाहेर येतात. परत द्यायचे असतील तर आतल्या शिवणीला एका रंगाच्या दोऱ्याचा टाका घालून ठेवा, नंतर कुणाचं काय ह्यावरून रुसवे होत नाहीत.

पण हे कपडे पेटीतून निघतात आणि पेटीत असतात डांबर गोळ्या. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं, मुलग्यांत जास्त करून. बाहेरून काही कळत नाही. गोळीतल्या नॅफ्थलीनचा नुसता वास कपड्यात राहिला तरी अशा बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात आणि कावीळ झपाट्यानं चढू शकते, मेंदूपर्यंत इजा होण्याइतकी. म्हणून गोळीचा वास असलेला कपडा दोनदा धुऊन, चार-पाच दिवस कडक उन्हात टाकून, वास साफ गेला तरच घ्यायचा. लोकरीतला वास सहजी जात नाही, तो स्वेटर सरळ परत करा. जुलैत हे ऊन मिळणार नाही, आत्ता आहे. मागायचं ते ह्याच पंधरवड्यात मागा. आणि तुमच्या पेटीत गोळीऐवजी कडुलिंबाचा वाळलेला पाला फडक्यात बांधून ठेवा.

इथं सासूबाईंचा प्रश्न येतो. त्यांच्याशी वाद घालू नका, गरजही नाही. बाळाचं 'शिवलेलं' घरात नको असं बहुतेक घरांत म्हणतात. जुनं लुगडं धुऊन कापून ठेवायला किंवा मलमल आणून आटवायला कुणी हरकत घेतल्याचं मला आठवत नाही. झबल्यांचं कापड कापून शिंप्याकडंच राहू द्या, बाळ झाल्याचा फोन आला की अर्ध्या दिवसात सहा झबली होतात. माझ्याकडं दर महिन्याला अशी दोन-तीन गाठोडी नाव लिहून पडलेली असतात. दवाखान्यात न्यायचे बारा लंगोट आणि तीन दुपटी 'जुनी फडकी' म्हणूनच जातात, ती तुमच्या पिशवीत असली तरी कुणाला काही वाटत नाही.

दुपट्यांना फ्लॅनेल घ्या, तीन मीटर, त्यात तीन. जुन्या वाकळीचा मऊ तुकडा असेल तर खाली अंथरायला त्याच्यासारखं दुसरं नाही. गुंडाळताना हात हवे तर आत घ्या, पण पाय सरळ ताणून घट्ट बांधू नका. गुडघे मुडपून बाजूला पडायला जागा हवी, नाहीतर खुब्याच्या सांध्याला त्रास होतो.

आता तुमचे कपडे, ज्यात बायका सर्वांत जास्त पैसे घालवतात. पोटासाठी म्हणून काहीही विकत घेऊ नका. पोट अजून तीन महिने राहणार, दूध पाजणं वर्षभर तरी. म्हणून घ्यायचं ते पाजण्याच्या दृष्टीनं घ्या आणि तेच आत्ता पोटावरही वापरा. दोन सुती गाऊन, पुढं दोन उभ्या लपवलेल्या चेनचे, साडेतीनशे-चारशेचा एक. चेन प्लॅस्टिकची असू दे, पत्र्याची बाळाच्या गालाला ओरखडते. तिसरा गाऊन हवाच असेल तर घरातल्या साध्या गाऊनला शिंप्याकडून चेन लावून घ्या, नव्याच्या पाव किमतीत होतं.

साडी नेसत असाल तर तुमचा ब्लाऊज आधीच पाजायच्या सोयीचा आहे, पुढं हुक. बगलेची टीप उसवून बघा. चांगल्या शिंप्यानं आत प्रत्येक बाजूला इंचभर माया, म्हणजे जादा कापड, ठेवलेली असते, ती उसवली की ब्लाऊज अडीच-तीन इंच मोठा होतो आणि वर्षभरानं परत आत घेता येतो. नव्या ब्लाऊजला शिवतानाच ही माया मागून घ्या. परकराची बारीक नाडी पोटाखाली रुतते, खाज सुटते, काळा वळ पडतो. नाडी काढून नवऱ्याच्या जुन्या बनियनची सहा इंच रुंद दुहेरी पट्टी लावून द्यायची. तीच युक्ती लेगिंगला: वरचं इलॅस्टिक कापून होजिअरीची पट्टी. वीस मिनिटांचं काम आहे.

पैसे वाचवू नयेत अशी एकच वस्तू सांगते: पाजण्याच्या ब्रा. दोन घ्या, आठव्याच्या शेवटी, तार नसलेल्या. पाठीला शेवटच्या हुकात बसेल अशी नको, मधल्यात बसेल अशी. कप थोडा सैल हवा, कारण बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध भरतं तेव्हा आकार वाढतो. घट्ट ब्रानं दूध अडून गाठी होतात, मग तापाच्या औषधात ब्राचे पैसे निघून जातात. आतल्या पॅडसाठी विकतच्या गोल चकत्या नकोत. लुगड्याचे उरलेले तुकडे चौपदरी शिवून घ्या.

खरेदी सासरहून करा, माहेरी जायच्या आधी. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही, तेव्हा खानापूर-बेळगाव जाऊन-येऊन फुकट. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. दोन्ही सवलती आपापल्या राज्याच्या हद्दीपुरत्या. तुमच्या आधारवर अजून चंदगडचाच पत्ता असेल तर मात्र शक्तीची सवलत मिळायची नाही, ती कर्नाटकातल्या पत्त्यावरच आहे. लग्न होऊन वर्ष झालं तरी पुष्कळ जणींचं हे राहून गेलेलं असतं, बाळाच्या कागदपत्रांच्या आधी ते करून घ्या. बेळगावात गणपत गल्ली आणि खडेबाजार एवढंच पायाखाली घाला, सकाळी दहाच्या सुमाराला, उन्हाच्या आत. दुकानात मराठीत भाव विचारा आणि शेवटी एकदा 'स्वल्प कडिमे माडी', म्हणजे थोडं कमी करा, असं कानडीत म्हणून बघा, दहा-वीस रुपये उतरतात आणि दुकानदार हसतो तो फायदा वेगळा. निपाणीकडच्या वाचणाऱ्यांना इचलकरंजी जवळ आहे. चार घरांत मिळून मलमलचं थान घेणार असाल तर जा, एकटीच्या दहा मीटरसाठी नको.

यादीतले हातमोजे, बूट, मच्छरदाणीसह गादी-उशीचा सेट, तेरा वस्तूंचा गिफ्ट बॉक्स, बाळाची वेगळी साबणपूड: काट मारा. हातमोज्यांऐवजी नखं कापा. उशी लहान बाळाला नकोच.

आहेराबद्दल लाज सोडून बोला. डोहाळजेवणाला आत्या-मावश्या 'काय आणू' विचारतात तेव्हा 'काही नको' म्हणू नका. काही नको म्हटलं की झिरो नंबरचे सहा फ्रॉक येतात. स्वेटर विणणारी कुणी असेल तर तिला सांगा की थंडीचं माप धर. जुलैचं बाळ डिसेंबर-जानेवारीत पाच-सहा महिन्यांचं असतं, छाती १७ इंच, म्हणजे स्वेटर घेरात २० इंच हवा आणि पुढून उघडणारा. जन्माच्या मापाचा स्वेटर तुमच्या बाळाला एकही थंडी बघणार नाही.

पैशाचं असं बसतं, दुकानागणिक पन्नास-शंभर इकडंतिकडं. मलमल आठशे, फ्लॅनेल साडेतीनशे, झबल्यांचं कापड-शिलाई साडेचारशे, दोन गाऊन आठशे, ब्रा सहाशे, खाली घालायचं रबर शीट दोनशे, डायपरचं एक पुडकं साडेतीनशे. साडेतीन हजारांच्या आसपास, आणि लुगडं मिळालं तर तीन हजार. पहिल्या बाळाचे मातृ वंदना योजनेचे पाच हजार, पात्र असाल तर, दोन हप्त्यांत येतात, आणि दुसरा हप्ता बाळाची नोंद आणि लसी झाल्यावर. ते ह्या खरेदीत धरू नका.

उरलेल्या दीड-दोन हजारांना आत्ता हात लावायचा नाही. बाळ दोन महिन्यांचं झालं, पाऊस ओसरला, आहेरात काय आलं ते पेटी उघडून बघितलं, की मग जे नाही ते घ्यायचं. बहुतेक वेळा तीन ते नऊ महिन्यांच्या साध्या सुती चड्ड्या कमी पडतात, कारण त्या आहेरात कुणी देत नाही. संक्रांतीच्या बोरन्हाणाचं काळं झबलं मात्र विकत घेऊ नका. तुमच्या काळ्या सुती ओढणीत ते होतं, वर्षाच्या मापाचं शिवून दंडाला दुमड घातली की पुढच्या संक्रांतीलाही उसवून घालता येतं.